ड्रायव्हरमधली सुरक्षा त्रुटी बुजवताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये त्रुटी सापडली की क्रॅश झालेल्या ओळीवरच एक नल-तपासणी (मेमरीचा पत्ता ठेवणारा पॉइंटर रिकामा तर नाही ना, हे बघणं) टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. सगळ्यात घातक चूक हीच. सोडून दिलेली मेमरी वापरली जात असेल तेव्हा पॉइंटर नल नसतो, जुन्याच पत्त्यावर रोखलेला असतो. अशा वेळी कासानचा (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचा) अहवाल नीट वाचा: चुकीचा वापर कुठे झाला, मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, तिन्ही स्टॅक (फंक्शन कॉलच्या साखळ्या) त्यात असतात. खरी गोम बहुतेकदा तिसऱ्यात सापडते.

यूएसबी ड्रायव्हरचंच बघा. केबल उपसली, डिस्कनेक्टमध्ये केफ्री झालं (मेमरी सोडली गेली), पण डिव्हाइस फाइल कुणीतरी उघडी ठेवलेली. पुढचा रीड थेट सोडलेल्या मेमरीत. ओपनमध्ये केरेफ (मेमरी किती जण वापरताहेत याची गणती) वाढवा, रिलीज आणि डिस्कनेक्टमध्ये घटवा. केफ्री फक्त गणती शून्यावर आल्यावर. आणि डिस्कनेक्ट झाल्याची खूण म्युटेक्सखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाखाली) ठेवून प्रत्येक रीड-राइटमध्ये तपासा. वर्कक्यूतलं (मागाहून करायच्या कामांच्या रांगेतलं) काम यूआरबी (यूएसबीवरची डेटाची विनंती) पुन्हा पाठवत असेल तर नुसतं यूएसबी_किल_यूआरबी पुरत नाही. आधी यूएसबी_पॉइझन_यूआरबी (यूआरबी पुन्हा पाठवणंच बंद), मग कॅन्सल_वर्क_सिंक (रांगेतलं काम रद्द). क्रम उलटला तर कम्प्लीशन हँडलर (यूआरबी पूर्ण झाल्यावर चालणारं फंक्शन) रद्द केलेलं काम परत रांगेत टाकतो.

आयऑक्टलमध्ये (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला येणाऱ्या खास आदेशांत) कॉपी_फ्रॉम_यूजर (यूजरच्या मेमरीतून कर्नलमध्ये कॉपी करणारं फंक्शन) कॉपी न झालेल्या बाइट्सची संख्या परत देतं, ऋण आकडा कधीच नाही. त्यामुळे 'शून्यापेक्षा कमी' ही तपासणी कुचकामी. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) परत करा. शिवाय लांबी एकदा वाचून तपासली आणि पूर्ण स्ट्रक्चर दुसऱ्यांदा वाचलं, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ती बदलू शकतो. तपासलेलीच लांबी वापरा.

गुणाकाराकडे दुर्लक्ष नको. स्ट्रक्चर १६ बाइट्सचं, यूजरने दिलेली संख्या २६,८४,३५,४५७, आणि गुणाकार ३२ बिटांत साठवला: उत्तर येतं १६! मेमरी एकाच स्ट्रक्चरपुरती, लूप मात्र कोट्यवधी वेळा लिहीत सुटतो. केमॅलॉक_अ‍ॅरे (गुणाकार मावत नसेल तर मेमरी नाकारणारं फंक्शन) वापरा, वर संख्येला कमाल मर्यादाही घाला.

यूजरला परत द्यायचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करा, नाहीतर पॅडिंगमधून (फील्डांमधल्या रिकाम्या जागेतून) कर्नल स्टॅकचे बाइट्स बाहेर जातात. ३२-बिटी प्रोग्रामसाठी वेगळा कॉम्पॅट मार्ग असेल तर तीच दुरुस्ती तिथेही हवी. हा मार्ग फार जण विसरतात.

पॅच पाठवताना फिक्सेसच्या ओळीत त्रुटी आणणाऱ्या मूळ कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक लिहा, सीसीमध्ये स्टेबल यादी (जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांची मेलिंग लिस्ट) ठेवा. फिक्सेसची ओळ नसेल तर दुरुस्ती कोणत्या जुन्या आवृत्त्यांत न्यायची, हे देखभाल करणाऱ्यांना शोधत बसावं लागतं.