हेलिकोप्रियनची प्रतिकृती करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या नाशिकच्या सोसायटीतली पोरं शाडूचा हेलिकोप्रियन करत होती. २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला, दातांची काटेरी चकली तोंडात वागवणारा हा मासा. मदतीला बसलो आणि बऱ्याच चुका समोर आल्या.

पहिली म्हणजे चकली नाकावर बसवणं. पोरांना रागावू नका. रशियन भूवैज्ञानिक कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये याला नाव दिलं, तेव्हा त्यांनीही ती वरच्या जबड्यावरच, बाहेर वळलेली दाखवली होती. पुढे कुणी ती पाठीच्या पंखावर लावली, कुणी शेपटीला. सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. हाती उरतात ते दात, मग अंदाजच करावे लागतात. अखेर अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये सापडलेल्या, जबडे टिकून राहिलेल्या एका जीवाश्माचं सीटी स्कॅन झालं आणि २०१३ मध्ये उत्तर मिळालं: चकली खालच्या जबड्यात, मधोमध, उभी. चकलीच्या वरच्या कडेचे मोजकेच दात बाहेर दिसत, बाकीचे कूर्चेत दडलेले.

दुसरी चूक चकलीच्या दिशेची. आपण चकली मधून पाडायला घेतो ना? इथेही तसंच. मधले चिमुकले दात सगळ्यांत जुने, पिल्लू असतानाचे. नवा, मोठा दात बाहेरच्या टोकाला, जबड्याच्या मागच्या बाजूला येई आणि जुन्यांना पुढे, मग खाली ढकली. जुने दात गळून पडत नसत. त्या माशाचं अख्खं आयुष्य त्या चकलीत जपलेलं असतं. म्हणून सगळे दात एकाच मापाचे करू नका, फार वाईट वाटतं.

पाटीवर नुसतं 'शार्क' लिहू नका. शार्कसारखा दिसला, तरी तो कायमेरा (शार्कप्रमाणेच कूर्चेचा सांगाडा असलेला माशांचा एक वेगळा गट) माशांच्या जवळचा; 'शार्कचा दूरचा भाऊबंद' लिहा.

एका मुलीनं विहिरीच्या खोदकामातले पांढरे, टोकदार स्फटिक 'दात' म्हणून मांडले होते. ते झिओलाइट, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार होणारे. आपला कातळ लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा; हेलिकोप्रियन त्याच्या चौपट जुना. स्फटिक जरूर ठेवा, पण वेगळ्या पाटीखाली.

आणि चकलीला तडे जात असतील, तर ती गच्चीवर उन्हात ठेवलेली असणार. ओलसर फडक्यात गुंडाळून सावलीत दोन-तीन दिवस हळूहळू वाळवा. दात निखळत असतील, तर जोडायच्या जागी दोन्हीकडे सुईनं ओरखडे काढा, पातळ कालवलेली शाडू लावा आणि मगच दाबून बसवा.