मेंटॉरची यादी हातात पडल्यावर

नाशिकच्या महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाकडे लवकरच मेंटॉरची यादी येते, म्हणजे ज्या विद्यार्थ्यांची वैयक्तिक विचारपूस त्याने करायची त्यांची नावे. वीसेक नावे झेपतात, साठ नाहीत. साठ आली तर विभागप्रमुखांशी लगेच बोला, नाहीतर भेटी नुसत्या सहीपुरत्या उरतात.

पहिली भेट प्रवेशानंतर पंधरा दिवसांत, एकेकट्याशी घ्या. सगळ्यांना वर्गात बसवून “काही अडचण?” विचारले तर कुणी तोंड उघडत नाही. विचारायचे ते नेमके विचारा: घरून किती वाजता निघता, बारावी कोणत्या माध्यमातून झाली, महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज कुठवर आला? सुरगाणा-पेठकडून एसटीने येणाऱ्या मुलीचा पहिला तास बुडतो, त्याचे कारण बहुधा बसच्या वेळेत सापडते. प्रॅक्टिकलची बॅच बदलून दिली की निम्मा प्रश्न सुटतो. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांची हजेरी द्राक्षकाढणीत, जानेवारी ते मार्च, घसरू शकते. तेव्हा डिसेंबरातच त्यांच्याशी बोलून ठेवा, कारण डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे कमी हजेरीवाल्यांची यादी, लागल्यावर हातात फारसे काही राहत नाही.

शिष्यवृत्तीकडे जास्त लक्ष द्या. अनेकांचे शिक्षण तिच्यावरच टिकून असते. ती अडते तेव्हा बँक खात्याला आधार जोडलेले नसते, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाते, किंवा अर्ज महाविद्यालयाच्याच लॉगिनवर मंजुरीविना पडून असतो. शेवटच्या बाबतीत मुलाला हेलपाटे घालायला लावू नका, कार्यालयात स्वतः जा.

प्रत्येक भेटीनंतर मेंटॉर डायरीत चार गोष्टी लिहा: तारीख, मुद्दा, पुढे कोण काय करणार, कधीपर्यंत. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीआधी एका रात्रीत भरलेली डायरी वाचणाऱ्याला कळतेच, शिवाय त्या मुलाला तिचा काडीचा उपयोग नसतो. मात्र घरचे भांडण, आजार, प्रेमप्रकरण यांचा तपशील डायरीत नको, कारण ती समितीपुढे जाते. तिथे “वैयक्तिक विषय, पाठपुरावा सुरू” एवढे पुरे.

मूल खचलेले दिसले तर स्वतः उपचारक होऊ नका. समुपदेशकाकडे सोबत जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. जिवाचा धोका वाटला तर गुप्ततेचे वचन देऊ नका, त्याला एकटे सोडू नका आणि घरच्यांना कळवा.

इंटर्नलचे (अंतर्गत मूल्यमापनाचे) गुण तुमच्याच हातात असतील तर मुले मोकळी होत नाहीत. शक्य असेल तिथे अशा मुलांसाठी दुसऱ्या विषयाचा मेंटॉर मागून घ्या. वर्ष बदलताना मेंटॉर बदलणार असेल, तर जुन्याने नव्याशी मुलांची समोरासमोर ओळख करून द्यावी.