लष्करी हद्दवाढीत जमीन जाणार असेल तर हरकत कशी घ्यावी

हद्दवाढीची कुणकुण लागली की आधी अधिसूचना मिळवा. राजपत्र, दोन दैनिकं, ग्रामपंचायत, तहसील, प्रांत कार्यालय यांपैकी कुठेतरी ती सापडेल. तिच्यात कोणतं कलम लावलंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ असेल, तर कलम १५ प्रमाणे हरकतीला ६० दिवस मिळतात. सर्वांत आधीच्या प्रसिद्धीपासून दिवस मोजा, म्हणजे धोका नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणलेल्या कलम १०अ मुळे संरक्षण प्रकल्पाला सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट मिळू शकते, पण तेवढ्याने हरकतीचा हक्क जात नाही. ‘आता काही होत नाही’ म्हणणाऱ्याला हे दाखवा. तातडीचं कलम ४० लागलं तर मात्र हरकतीची पायरीही गाळता येते आणि कलम २१ ची (भरपाईचे दावे मागवणारी) नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांनी ताबा घेता येतो. तेव्हा लगेच वकील गाठा. तिथेही कायदा किमान आवश्यक तेवढंच क्षेत्र घेऊ देतो आणि ताब्याआधी ८० टक्के भरपाई द्यावी लागते.

कागद १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याचा असेल तर प्रकरणच वेगळं: जमीन तुमचीच राहते, बंधन बांधकामावर येतं, म्हणून मागणी त्या नुकसानभरपाईची करायची.

हरकत प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र द्यावी. शंभर सह्यांचं एकच निवेदन गावाची ताकद दाखवतं, पण त्यात गट नंबर नसले तर कोणाच्या कोणत्या जमिनीची हरकत हे सुनावणीत सिद्ध होत नाही. अर्जात गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, विहीर, बोअर, पाइपलाइन, जातवार झाडांची संख्या लिहा. सोबत सातबारा, ८अ आणि तारखेसह फोटो जोडा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. भरपाई अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जमीन वडिलोपार्जित आहे, हे खरं असलं तरी कायद्यातलं कारण नाही. क्षेत्र व जागेची योग्यता, सार्वजनिक प्रयोजन आणि सामाजिक परिणाम मूल्यांकनाचा अहवाल यांवर हरकत घेता येते. यात क्षेत्राचा मुद्दा सर्वांत भक्कम, कारण तिथे देशाच्या संरक्षणाला विरोध नसतो, फक्त ‘एवढीच जमीन का’ हा प्रश्न असतो. शेजारी लष्कराची किती जमीन आहे आणि पर्यायी जागा पाहिल्या का, हे माहिती अधिकारात विचारा. नकाशा किंवा मांडणी मागू नका, सुरक्षेच्या कारणाने अर्ज फेटाळला जाईल. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

प्रत्यक्ष सुनावणी हवी असं अर्जातच लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

संपादनाऐवजी जमीन थेट विकत घ्यायचं ठरलं, तर बोलणी बहुधा एकेकट्याशी होतात. फ्रान्समध्ये लार्झाकच्या पठारावर छावणी वाढवायचं १९७१ मध्ये ठरलं, तेव्हा १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली आणि १९८१ मध्ये तो बेत रद्द झाला. दर ठरवायला बसायचं तर सगळ्यांनी मिळून बसा.

संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. पंचनाम्यात झाड किंवा विहीर सुटली असेल तर सहीआधी तिथेच लिहून घ्या, नंतर ते वाढवून घेणं फार जड जातं.

निवाड्याची, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशाची, रक्कम घेताना ‘हरकत राखून’ असं पावतीवर लिहा. हे न लिहिता पैसे उचलले तर वाढीव भरपाईचा कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. निवाड्यावेळी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल, तर त्या अर्जाला निवाड्यापासून सहाच आठवडे असतात.