मुलांच्या सुरक्षेच्या बाबतीत या चुका टाळा

इंदूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते म्हणून पालकसभा उरकली की माझ्या टेबलाशी रांग लागते. मागणी ठरलेली: "मॅडम, एखादं ॲप टाकून द्या ना, पाच मिनिटांचं काम." गूगलचं फॅमिली लिंक मीही टाकून देते. नवीन ॲप घ्यायला परवानगी, वेळेची मर्यादा, मूल कुठे आहे, एवढं त्यातून होतं. इन्स्टाग्रामवर त्याच्याशी कोण काय बोलतंय हे त्यात दिसत नाही, आणि शाळेच्या व्हॅनमध्ये आज स्टिअरिंगवर कोण बसलंय हे तर नाहीच नाही. पण ॲप पडलं की पालक निर्धास्त. मग खालच्या चुका सुरू होतात.

धमकी आली की आधी सगळं डिलीट करणं

या चुकीचा मला मनापासून राग येतो, कारण ती शिकलेसवरलेले लोक करतात.

राजेंद्रनगरकडचे एक गृहस्थ मुलाचा फोन घेऊन आले. स्क्रीनवर फक्त 'भाषा निवडा'. मुलगा नववीत. गेम खेळताना ओळख झालेल्या एका 'मुली'ने त्याला इन्स्टाग्रामवर ओढलं, व्हिडिओ कॉल केला, तो रेकॉर्ड केला आणि पैसे मागायला सुरुवात केली. पोराने घाबरून बाबांच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवले. बँकेचा मेसेज आला तेव्हा बिंग फुटलं. वडिलांनी आधी दोन कानाखाली ठेवून दिल्या, मग अकाउंट उडवलं, मग फोन फॅक्टरी रीसेट केला. "घाण गेली एकदाची, ताई," म्हणाले. व्हिडिओ तर समोरच्याकडे शाबूतच होता. लवकरच मुलाच्या मावसभावाला नव्या अकाउंटवरून धमकी आली, आणि जुन्या अकाउंटचं साधं नावही कुणाला आठवेना.

हातात उरला तो वडिलांच्या बँक ॲपमधला व्यवहाराचा १२ आकडी नंबर आणि ज्याला पैसे गेले तो यूपीआय आयडी. मावसभाऊ मात्र डोकं ठिकाणावर ठेवून वागला होता. ब्लॉक करण्याआधी त्याने प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवली होती. तक्रार उभी राहिली ती एवढ्यावर.

मी काय करायला लावते ते सांगते. फोन मुलाच्या हातून हिसकायचा नाही, त्याच्या शेजारी बसायचं. धमकीच्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्यायचे, तारीख-वेळ दिसेल असे. प्रोफाइलवरचं मोठ्या अक्षरातलं नाव बदलता येतं, त्यामुळे लिंक आणि युजरनेम वेगळं लिहून ठेवायचं. मग ॲपमध्येच रिपोर्ट, आणि त्यानंतर ब्लॉक. पैसे एकदाही द्यायचे नाहीत. दिले की पुढची मागणी येतेच. गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते.

एक सावधगिरी. मुलाचाच उघडा फोटो असेल तर 'सल्ल्यासाठी' काका-मामांच्या ग्रुपवर टाकू नका. मुलांची अश्लील चित्रं पुढे पाठवणं हा आयटी ॲक्टच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. तो फोटो फोनमध्ये आहे तसा राहू द्या आणि फक्त पोलिसांना दाखवा. असे फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. ती फोटो वर चढवत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार करते आणि सामील झालेली संकेतस्थळं त्यावरून तो ओळखून काढतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये मात्र तिचा उपयोग नाही.

आणि त्या दोन कानाखाली? पोरगं पुढच्या वेळी काय ते एकट्याने निस्तरायला बघणार.

व्हॅनवाल्या भैयाचं फक्त पहिलं नाव माहीत असणं

"आमच्या व्हॅनवाल्या भैयाला दहा वर्षं ओळखतो," म्हणणाऱ्या पालकांना गाडीचा नंबर विचारा. आकाशाकडे बघतात. भैया आजारी पडला की त्याचा मेहुणा येतो, आणि मुलं गाडीचा रंग बघून चढतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला अशाच एका बदली ड्रायव्हरने भलत्याच चौराह्यावर उतरवून दिलं. पानाच्या दुकानदाराने तिला बसवून घेतलं आणि घरी फोन लावला, कारण तिला आईचा नंबर पाठ होता. किती मुलांना पाठ असतो? फोनमध्ये सेव्ह आहे ना, म्हणतात.

जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली. चार मुलं आणि ड्रायव्हर गेले. त्यानंतर काही महिने सगळे पालक वेगमर्यादेवर बोलत होते. शाळेच्या बसचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, गाडीत मदतनीस असावा, गाडीवर शाळेचं नाव आणि फोन नंबर असावा, हे नियम तेव्हाही जुनेच होते. आता व्हॅन भरताना कोण मोजतंय?

माझा नियम असा: नंबरप्लेटचा फोटो, ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो, आणि बदली माणूस येणार असेल तर आदल्या रात्री फोन. फोन नसेल तर मूल गाडीत बसणार नाही. घरचा एक परवलीचा शब्दही ठरवा. आईबाबांनी पाठवलंय म्हणणाऱ्याला तो सांगता आला पाहिजे. एका घरी तो शब्द त्यांच्या कुत्र्याचं नाव होतं, आणि ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. असला शब्द ठेवू नका.

बाकीच्या

शाळेचं ओळखपत्र गळ्यात असलेला पहिल्या दिवसाचा फोटो स्टेटसला टाकणं. नाव, इयत्ता, शाळा, कधीकधी रक्तगटसुद्धा, सगळं एका फोटोत. स्टेटस ठेवायचंच असेल तर ठराविक माणसांनाच दिसेल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, ती वापरा.

यूपीआय पिन म्हणून मुलाची जन्मतारीख. काय बोलणार!

मुलाच्या इन्स्टाग्रामवर खोटं वय टाकणं. १८ च्या आतल्या मुलांसाठीचं संरक्षण मग त्याला मिळतच नाही, आणि ते वय बहुतेक वेळा आईनेच टाकलेलं असतं.

शरीराच्या भागांना टोपणनावं शिकवणं. मूल तक्रार करतं आणि वर्गशिक्षिकेला कळतच नाही कशाबद्दल.

"शाळेची बदनामी नको, आत मिटवू," याला मान डोलावणं. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात असा अत्याचार कळला की पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने लपवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौकीच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा: मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी तो घेते आणि तेव्हा ती वर्दीत नसते. मुलाला दहा वेळा तीच गोष्ट वदवून घेण्याची हौस मात्र घरच्यांनीही आवरावी. एकदा नीट ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. कुठे सांगावं सुचत नसेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ फिरवा, रात्री-बेरात्रीही उचलतात.

आणि गणेशोत्सवात मंडळाच्या स्पर्धांचे निकाल लावणाऱ्यांनो, बक्षीस घेणाऱ्या मुलाच्या फोटोखाली त्याची शाळा आणि राहत्या कॉलनीचं नाव छापणं यंदापासून बंद करा. नाव पुरे आहे.