मुलाची लघवी घरी नळीने काढताना

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन कण्याला इजा झालेल्यांची लघवी ठरावीक वेळाने नळीने काढत, तीही पूर्ण निर्जंतुक राखून. घरी रोज हे कोणाला जमणार? १९७२ मध्ये मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी सांगितलं, की साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. मूत्राशय ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंचं फावतं. म्हणून वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं. स्पायना बिफिडाच्या, म्हणजे जन्मतः कणा नीट न मिटल्याने मूत्राशयाच्या नसा बिघडलेल्या मुलांच्या किडन्या वाचू लागल्या त्या मुख्यतः यामुळे.

पहिल्यांदा नर्सच्या देखरेखीखाली शिका. नळीचा नंबर डॉक्टर ठरवतात: तान्ह्याला साधारण ५-६ फ्रेंच, पुढे ८, मोठ्या मुलाला १०-१२. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर जाडी. स्पायना बिफिडात लेटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी बरीच आढळते, तेव्हा नळी आणि हातमोजे दोन्ही लेटेक्सविरहित घ्या.

हात धुवा, जागा पुसा, नळीला जेली लावा. मुलीत लघवीचं छिद्र योनीच्या वर असतं. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच खुणेला राहू द्या आणि दुसरी नवी वर घाला. मुलाचं शिश्न पोटाच्या दिशेने उभं धरा. कातडी जेवढी सहज सरकेल तेवढीच मागे घ्या आणि शेवटी आठवणीने पुढे आणा, नाहीतर सूज येऊन ती अडकते. आत लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूपाशी नळी थांबते. तिथे रेटू नका. मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगा, हलका दाब ठेवा. लघवी आली की आणखी एक-दोन सेंटिमीटर आत. धार थांबल्यावर सावकाश काढा. पुन्हा धार लागली तर तिथेच थांबा.

दिवसा दर तीन-चार तासांनी, आणि प्रत्येक वेळी मापून. वय अधिक दोन, गुणिले ३० मिली हा मूत्राशयाच्या क्षमतेचा ढोबळ हिशेब: सहा वर्षांच्या मुलाला २४० मिली. कडक, नीट न ताणणाऱ्या मूत्राशयात सुरक्षित आकडा याहून कमी असतो, तो युरोडायनॅमिक (मूत्राशयातला दाब मोजणाऱ्या) तपासणीत कळतो. माप सारखं वर जात असेल तर डॉक्टरांना विचारून मधलं अंतर कमी करा.

अशा मुलांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, दुखणं, नव्याने गळणं असं काही नसताना नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू करू नये. मात्र ताप आला, लघवीतून रक्त पडत राहिलं किंवा नळी जाईचना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.