प्रकटीकरण वाचताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, बारावा अध्याय फिरायला लागतो. अजगर, म्हणजे सैतान, एका स्त्रीच्या मागे नदीसारखं पाणी सोडतो, ते पंधरावं वचन. खाली पुराचा फोटो आणि 'शेवट आला, तयार राहा'. सोळावं वचन कुणीच पाठवत नाही. त्यात पृथ्वी तोंड उघडून ती नदी गिळून टाकते आणि स्त्री वाचते. भीतीचं वचन पाठवायचं आणि लगेच पुढचं सुटकेचं वचन गाळायचं, हे बघून मी खरोखर थकलो आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ख्रिस्त परत येण्याची तारीख काढणं. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. पुढे हॅरॉल्ड कॅम्पिंगनं रेडिओवरून 21 मे 2011 ही तारीख सांगितली. दोन्ही दिवस आले आणि गेले. त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालासुद्धा नाही, असं प्रभू स्वतः मत्तय 24:36 मध्ये सांगतो. तरी दरवर्षी कुणीतरी नवा हिशेब घेऊन येतोच.

2019 च्या महापुरानंतर एका घरगुती प्रार्थनेला बाहेरगावचे एक वक्ते भला मोठा तक्ता घेऊन आले. प्रकटीकरणात संकटांच्या ज्या मालिका येतात त्या, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, प्रत्येकापुढे एकेक बातमी चिकटवलेली. आपला पूर कुठल्याशा वाटीपुढे होता. ऐकणाऱ्यांत एक गृहस्थ होते, ज्यांच्या दुकानातला माल नुकताच पाण्यात गेला होता. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, पण त्यांनी फी भरायचं थांबवलं. "वर्ष तरी पुरं होतंय का, कशाला पैसे घालायचे?" पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली. "काका, पप्पांना तुम्हीच सांगा. माझं ऐकत न्हाईत."

मी त्यांच्या घरी गेलो. तक्त्यावर एक शब्द बोललो नाही. थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र उघडलं आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कुणी म्हटलं तर लगेच घाबरून जाऊ नका, हे दुसऱ्या अध्यायात आहे. तिसऱ्यात पौल कामधंदा सोडून बसलेल्यांना खडसावतो: स्वस्थपणे काम करा, स्वतःची भाकर खा. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पण तो माणूस वचनंच दाखवत होता की ओ." वचनंच होती. इथलं अर्धं, तिथलं अर्धं, आणि जोडणारा धागा वर्तमानपत्राचा. शेवटी लेट फी भरून प्रवेश टिकला. ती पोरगी आज वॉर्डात रात्रपाळ्या करते. आपल्या तक्त्यामुळे इकडे एका घरात काय झालं, हे त्या वक्त्यांच्या गावीही नसेल.

माझ्यापुरती सवय अशी: कुणी तारीख पाठवली की उत्तर द्यायचं नाही. पूर असेल तर त्या वेळात कुणाच्या घरातलं सामान माडीवर चढवायचं राहिलंय, ते विचारायचं.

तेराव्या अध्यायात देवाविरुद्ध उठणारं एक श्वापद येतं, 666 हा त्याचा आकडा. आधार कार्डावर, बारकोडवर, लशीत तो शोधू नका. 'नीरो कैसर' हे रोमी सम्राटाचं नाव इब्री (हिब्रू) अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा 616 आहे. हे पहिल्या वाचकांना उलगडणारं कोडं होतं.

शेजारच्या धर्माच्या माणसाला ते श्वापद ठरवणं हे पाप आहे. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

दुसरी मोठी चूक नवशिक्यांची, पण जुनेजाणतेही तीच करतात. पुस्तक हातात घेतलं की थेट तेरावा अध्याय. तरुण संघात एकदा विचारलं, श्वापदाला डोकी किती, शिंगं किती? सगळ्यांचे हात वर. पाचव्या अध्यायात कोण भेटतं? शांतता. खासबाग मैदानात समोरच्या पैलवानाची एंट्री बघायची आणि कुस्ती लागायच्या आत घरी जायचं, असलं हे वाचन.

पाचवा अध्याय नीट वाचा. हे पुस्तक लिहिणारा योहान दृष्टांतात रडतोय. स्वर्गातल्या वडीलजनांपैकी एक त्याला सांगतो, रडू नको, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. योहान सिंह बघायला मान वळवतो आणि त्याला दिसतो वधलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्त. पुढची सगळी भाकितं इथून वाचायची. वाईटाचा पराभव वधस्तंभावर झाला आहे, उरलंय ते त्याचं उघड होणं. म्हणून तेराव्या अध्यायातल्या श्वापदाला मुदत आहे, बेचाळीस महिने. त्याला अधिकार 'दिला' जातो, त्याचा स्वतःचा काहीच नाही. एकोणिसाव्यात ख्रिस्त स्वार होऊन येतो तेव्हा युद्ध सुरू व्हायच्या आधीच त्याचं वस्त्र रक्तात बुचकळलेलं आहे, आणि तलवार त्याच्या मुखातून निघते. आपल्या हातात तलवार कुठेच नाही. बारावा अध्याय सांगतो की विश्वासणाऱ्यांनी सैतानाला कोकऱ्याच्या रक्तानं आणि आपल्या साक्षीनं जिंकलं.

आणि हे लिहिलं कुणासाठी? आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांसाठी, बहुतेक अभ्यासकांच्या मते रोमी सम्राट दोमितियनच्या काळात, इ. स. 95 च्या सुमारास. त्यांतल्या पर्गमात अंतिपा हा विश्वासणारा मारला गेला होता. स्मुर्ण्याच्या लोकांना तुरुंग दिसत होता. ती मूठभर माणसं होती, सत्ता नाही, ओळख नाही. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून आपणही इथे मूठभरच आहोत, म्हणून हे पत्र आपल्याला जास्त जवळचं वाटायला हवं. त्या माणसांना योहान वेळापत्रक देत नाही. शेवटी मरणच अग्निसरोवरात टाकलं जाईल आणि देव स्वतः डोळ्यांचं पाणी पुसेल, हे सांगतो.

विसाव्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याच्या अर्थावरून मंडळीत फूट पाडू नका. ख्रिस्त त्या आधी येतो, नंतर येतो, की हजार वर्षं हे नुसतं चित्र आहे, अशी तीन मतं आहेत, आणि चांगले, प्रार्थनाशील लोक तिन्ही बाजूंना आहेत.

'आपल्याला वर स्वर्गात नेणार, मग इथलं काय का होईना' हेही सोडा. एकविसाव्या अध्यायात देवाची नगरी स्वर्गातून खाली उतरते, आणि बाविसाव्यात जीवनाच्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

दहा मिनिटांच्या व्हिडिओवर हे पुस्तक कळत नाही. घाई असेल तर सध्या मार्कचं शुभवर्तमान वाचा, प्रकटीकरण नंतर. आधी जुन्या करारातला दानीएलाचा सातवा अध्याय आणि यहेज्केल वाचून ठेवा, निम्मी चित्रं तिथलीच आहेत. मग एखाद्या संध्याकाळी बावीसच्या बावीस अध्याय एका बैठकीत, एकानं मोठ्यानं वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय, ते याच पद्धतीला धरून. साधारण दीड तास लागतो. चर्चा त्या दिवशी नको, पुढच्या आठवड्यात. आणि प्रत्येक अध्यायाला पहिला प्रश्न एकच ठेवा: इथे कोकरा काय करतोय?