बागेतल्या रेल्वेचं लाकडी दुकान फुगलं, तेव्हा

माझी बागेतली छोटी मॉडेल गाडी एकमेकांपासून ३२ मिमी अंतरावरच्या रुळांवर धावते. माथेरानसारखी, खऱ्या रुळांत दोन फूट अंतर असलेली लाईन, म्हणून प्रमाण एका फुटाला १६ मिमी. स्टेशनाशेजारचं किराणा दुकान मी घरीच लाकडात बनवलं. सहा फुटी दार ९६ मिमीचं. पहिल्याच पावसाळ्यात दर्शनी भिंत फुगली आणि मधोमध चिरली. फार वाईट वाटलं.

भिंत उकलल्यावर कारण दिसलं. फळ्या मी एकमेकींना खेटून, प्लायवर पूर्ण चिकटवल्या होत्या. ओलं लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. फुगायला जागाच नव्हती!

या वेळी सुताराकडून सागाच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या. प्रत्येक फळी फक्त मधल्या रेषेवर जलरोधक गोंदाने चिकटवली. दोन फळ्यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, आणि फटीवर बारीक पट्टी. ही पट्टी एकाच बाजूच्या फळीला चिकटवायची, दोन्हींना नाही. कापलेल्या टोकांना वार्निशचे तीन हात दिले, कारण पाणी तिथूनच सर्वाधिक शिरतं. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला.

यंदाचा पाऊस सरला. गल्ल्यासमोरची फळी अजून अलगद उघडते.